उजव्या बाजूची ओळ

सुनंदा मॅडमचं नाव आधी लिहिते. नांदेडला राहतात, साठी ओलांडलेली, एका डोळ्याला कमी दिसतं. डॉक्टर बोलतात ते ऐकून रिपोर्ट टाइप करायचं काम त्यांनी आयुष्यभर केलं. त्याला मेडिकल ट्रान्सक्रिप्शन म्हणतात. आता त्या ते मोबाइलवर शिकवतात आणि मी त्यांची विद्यार्थिनी. त्या नसत्या तर आमचे हे आज घरात नसते. आता काय झालं ते सांगते.

"डाव्या मूत्रपिंडाच्या नळीत खडा अडकलाय. घाबरू नका, दुसरं चांगलं आहे," लातूरच्या डॉक्टरांनी सांगितलं. पण यांना दुसरं नव्हतंच.

भूकंपात भिंत अंगावर पडली तेव्हा हे सात वर्षांचे होते. सोलापूरला नेऊन उजवं मूत्रपिंड काढलं. नेफ्रेक्टॉमी म्हणतात त्याला. सासूबाई होत्या तोवर सांगायच्या, "माझ्या लेकराला एकच गुर्दा हाय, जपून ऱ्हा." कागद एकही नव्हता. घरच राहिलं नाही तर कागद कुठून राहणार?

भरती करताना मी हे सांगितलं होतं. तिथल्या तरुण डॉक्टरांनी मान न उचलता 'पोटाचं जुनं ऑपरेशन' एवढंच लिहून घेतलं. दुपारी सोनोग्राफी झाली. रिपोर्ट आला, त्यात लिहिलं होतं: उजवं मूत्रपिंड आकाराने नॉर्मल.

इथे माझी चूक आहे, तीही लिहिते. मी गप्प बसले. मी उमरीकडची, आठवीत शाळा सुटलेली. लातूरला आले ते ट्यूशनच्या पोरांच्या मेसमध्ये पोळ्या लाटायला. हे त्याच पोरांना ऑटोतून क्लासला सोडतात. छापलेल्या कागदापुढे आपण काय बोलायचं? मला वाटलं, सासूबाईंचंच काही चुकलं असेल. यांच्या उजव्या कुशीवर वीतभर व्रण मी रोज बघते, तरी मला कागद खरा वाटला.

दुसऱ्या दिवशी वॉर्डात दुखणं थांबायचं इंजेक्शन दिलं आणि भरपूर पाणी प्यायला सांगितलं. खडा आठवड्यात पडेल म्हणाले. एकच मूत्रपिंड असलेल्याला ती इंजेक्शनं फार जपून द्यावी लागतात, हे मला नंतर कळलं. हे पाणी पीत राहिले. पाय सुजले. तिसऱ्या दिवशी सकाळपासून लघवी अजिबात झाली नाही.

याला शब्द होता आणि तो मला येत होता. अॅन्युरिया, म्हणजे लघवी बंद होणं. पोळ्यांचं काम आवरलं की मेसच्या ओट्यावर बसून मी असे शब्द वहीत उतरवायची. या शब्दाखाली मॅडमनी एकच वाक्य लिहायला लावलं होतं: एक मूत्रपिंड चांगलं असेल तर खड्याने लघवी बंद पडत नाही.

मी रिपोर्टचा फोटो मॅडमना पाठवला, लघवी बंद झाल्याचं आणि सासूबाई सांगायच्या तेही कळवलं. लगेच त्यांचा फोन आला.

"अगं, हा फॉरमॅट आहे. यात तुझा पेशंट कुठाय?"

मग त्यांनी समजावलं. नॉर्मल माणसाचा रिपोर्ट आधीच टाइप करून ठेवलेला असतो. डॉक्टर जेवढं बोलतात तेवढ्याच ओळी बदलतात. मशीन दुखऱ्या बाजूला लावलं असणार, उजवीकडे कुणी बघितलंच नसणार. जुनी ओळ तशीच राहिली. मॅडमच्या वर्गात हे पाप आहे. डॉक्टर जे बोलले नाहीत तिथे जागा कोरी सोडायची, खूण करायची आणि विचारायचं, हा त्यांचा पहिल्या दिवशीचा धडा.

"भांडू नको," त्या म्हणाल्या. "उजवी बाजू माझ्यासमोर दाखवा, एवढंच म्हण. दाखवल्याशिवाय हलू नको."

मी तेवढंच म्हणाले. तरुण डॉक्टर हसून म्हणाले, "ताई, मोबाइलवर डॉक्टरकी शिकताय का?"

"न्हाई, टायपिंग," मी म्हणाले. "उजवी बाजू दाखवा."

सोनोग्राफीच्या खोलीच्या दारात उभी राहिले. तीनदा बाजूला व्हायला सांगितलं, झाले नाही. शेवटी वैतागून त्यांनी यांना आत घेतलं आणि मशीन उजवीकडे लावलं. फिरवलं. परत फिरवलं. उजवीकडे मूत्रपिंड नव्हतंच.

त्यानंतर सगळ्यांना घाई झाली. क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंड किती काम करतंय ते सांगणारी रक्ताची तपासणी, फार वाढलेलं होतं. तिथले शस्त्रक्रियेचे डॉक्टर बाहेरगावी होते. मॅडमनी नांदेडच्या एका दवाखान्यात बोलून ठेवलं. अहमदपूरमार्गे अँब्युलन्सने नेलं. दवाखान्याच्या दारात, जाड चष्मा लावलेल्या एक बाई प्रत्येक गाडीत डोकावून बघत होत्या. मॅडमना मी पहिल्यांदा तिथे भेटले.

संध्याकाळी स्टेंट घातला. मूत्रपिंडापासून मूत्राशयापर्यंत जाणारी बारीक नळी असते ती. पिशवीत लघवी उतरायला लागली तेव्हा मी मॅडमचा हात धरून रडले. हे आता परत ऑटो चालवतात.

लातूरला कागद आणायला गेले तेव्हा दवाखान्यातले म्हणाले, टायपिंग मिस्टेक झाली. मला याचाच राग येतो, अजून येतो. टाइप करणाऱ्याचं बोट चुकलं नव्हतं. न बघितलेलं बघितलं म्हणून छापलं, आणि त्याच्यावर सही केली. मी ज्या पोरांना पोळ्या वाढते त्यातलीच उद्या डॉक्टर होणार आहेत. रात्रंदिवस अभ्यास करतात बिचारी. समोरच्या बाईचं ऐकायचं, हे त्यांना कोणता क्लास शिकवणार आहे?

तुमच्यावर वेळ आली तर रिपोर्ट वाचून घ्या. इंग्रजी येत नसेल तर कुणाकडून तरी ओळ न् ओळ वाचून घ्या आणि आपल्या माणसाच्या अंगाशी ताडून बघा. व्रण कागदापेक्षा खरा असतो.

मॅडमच्या डोळ्याचं ऑपरेशन व्हायचंय. त्यांना जवळचं कुणी नाही, म्हणून पुढे ढकलतात. मी त्यांना सांगून ठेवलंय, ज्या दिवशी ठरेल त्या दिवशी पहिल्या एसटीने येईन. त्यांना वाचता येणार नाही तेव्हा त्यांची फाईल मी वाचेन. कोणता डोळा, कोणतं औषध, कोणती सही, सगळं. आणि एक ओळ जरी कुणी न बघता लिहिलेली दिसली, तर दारातून हलणार नाही.