पाठीवर पंचवीस मिनिटं

अंथरुणाची भीती वाटते असं कुणाला सांगितलं असतं, तर लोक हसले असते. पण गेल्या वर्षी दसऱ्यानंतरचे दोन महिने मी त्या भीतीतच काढले. दिवसभर उभी असले, चालले, पोळ्या लाटल्या, तरी पाठ कशीबशी साथ द्यायची. आडवी झाले की पाच-सात मिनिटांत दोन्ही खांद्यांच्या खाली, मणक्याच्या अगदी मधोमध, तापलेली सळई टेकवल्यासारखं सुरू व्हायचं. कुशीवर वळलं तरी तेच. पालथं पडलं तर श्वास अडकायचा. शेवटी खुर्चीत बसायचं, समोरच्या टेबलावर उशी ठेवायची आणि तिच्यावर कपाळ टेकून उजाडायची वाट बघायची. दुपारी घटकाभर लवंडायची सोयही उरली नव्हती. पलंगावरची चादर दिवसेंदिवस न चुरगळता तशीच राहायची, आणि ती बघितली की मला रडू यायचं.

मी बडनेऱ्याच्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेली बाई. यजमान रेल्वेतून निवृत्त. मुलगी सासरी, दूर. तीस वर्षं मी दर मंगळवारी अमरावतीला अंबादेवीच्या दर्शनाला जात आले. पाऊस असो, परीक्षा असो, मंगळवार चुकवला नाही, आणि मनात कुठेतरी त्याचा हिशेब ठेवला होता हे आज कबूल करते. आपण एवढं केलं आहे, वेळ आली की ती आपल्याकडे बघेल, असं मी धरूनच चालले होते. शेजारच्या बाई म्हणाल्या, "तुमच्या सेवेत काई राहून तं नाई गेलं?" तेव्हा मात्र मनातून संताप आला. त्यांच्यावर नाही, देवीवर.

तेल, शेक, लाकडी फळी, सगळं करून झालं. संध्याकाळी अंग किंचित तापायचं, ब्लाउज खांद्यावरून उतरू लागले होते, पण त्याकडे मी लक्ष दिलं नाही. डॉक्टरांनी मात्र दिलं. ते म्हणाले, "साधी पाठ झोपल्यावर बरी होते. तुमची झोपल्यावरच वाढते. हे मी सोडून देणार नाही. एमआरआय करून घ्या, आणि लवकर."

एमआरआय म्हणजे त्या बोगद्यासारख्या यंत्रात अर्धा तास पाठीवर निश्चल पडून राहायचं. जे मला पाच मिनिटं जमत नव्हतं, तेच. अमरावतीत पहिल्यांदा चौथ्या मिनिटाला मी हातातला रबरी फुगा दाबला आणि त्यांनी मला बाहेर काढलं. दुसऱ्यांदा दुखणं मारायचं इंजेक्शन घेऊन गेले. नऊ मिनिटं टिकले, मग किंचाळले. फोटो हलले, काहीच दिसेना. भूल देऊन करायचं तर आठवडाभर थांबावं लागणार होतं, आणि डॉक्टर थांबायला तयार नव्हते. त्यांनी अकोल्याचं एक केंद्र सुचवलं. तिथलं यंत्र थोडं रुंद आहे, एकदा प्रयत्न करा, म्हणाले. शेजारणीच्या त्या बोलण्यापासून तीन आठवडे मी एकाही मंगळवारी देवळात गेले नव्हते. तिला माझी गरज नसेल तर मलाही नाही, असा माझा हट्ट होता.

अकोल्याला जायला सकाळी बडनेरा स्टेशनावर आलो. फलाटावर आम्ही चालत होतो. हे मागून म्हणाले, "अगं, तुझी चप्पल!" वळून पाहिलं तर माझी डाव्या पायाची चप्पल दहा पावलं मागे पडली होती. मी अनवाणी चालत होते आणि मला ते कळलंच नव्हतं. ह्यांनी चप्पल आणून पायात घातली. गाडीत बसल्यावर मी पुन्हा पुन्हा डाव्या पायाची बोटं हलवून बघत होते. हलत होती, पण ती माझी वाटत नव्हती. मूर्तिजापूर गेलं, बोरगाव गेलं, बाहेर कपाशीची काळी रानं मागे पळत होती, आणि मला एकच दिसत होतं की उद्या हा पाय उचललाच नाही तर.

केंद्रावर नंबर लागला. चष्मा लावलेले एक तंत्रज्ञ होते. त्यांनी अमरावतीची हकीकत ऐकली आणि म्हणाले, "ताई, कधी कधी आपलं माणूस पायाशी उभं राहिलं की पेशंटले धीर येतो. कोणी येते का आत?"

हे लगेच उठले. "मी येतो ना."

"काका, छातीत पेसमेकर आहे म्हणून तुमीच सांगितलं नं मघाशी? त्या दाराच्या आत पाऊलही नका टाकू."

हे तसेच उभे राहिले. चाळीस वर्षांच्या संसारात त्यांचा चेहरा इतका असहाय झालेला मी पाहिला नव्हता. मी म्हटलं, जाऊ द्या, घरी जाऊ. खरंच म्हटलं. पिशवी उचलली सुद्धा.

बाकावर एक बाई बसल्या होत्या, माझ्याहून दहा वर्षांनी लहान असतील. भावाच्या गुडघ्याच्या तपासणीला आल्या होत्या, हे मागाहून कळलं. त्या म्हणाल्या, "मी चालन काय?"

तंत्रज्ञांनी त्यांच्याकडे पाहिलं. "हातातलं, गळ्यातलं, केसातल्या पिना, सगळं काढा लागन, मावशी. धातूचं काहीच नाही चालत."

त्यांच्या दोन्ही हातांत चांदीची जाड कडी होती. मनगटं भरलेली, कडी मांसात रुतलेली. त्या स्वतःशीच हसल्या. "हे तं लग्नापासून निंगाले नाई. पाहू."

"राहू द्या हो," मी म्हणाले. "तुमची माझी ओळखसुद्धा नाही."

"मंग काय झालं? आता हून राहिली नं ओळख."

त्या हात धुवायच्या नळाशी गेल्या. साबण लावून, दात आवळून, त्यांनी एकेक कडं ओढून काढलं. डाव्या हाताचं निघता निघेना. निघालं तेव्हा अंगठ्याच्या मुळाशी कातडी सोलली होती. कडी आणि मंगळसूत्र त्यांनी भावाच्या हातात दिलं आणि पदराला हात पुसत माझ्यापाशी आल्या.

माझे डोळे भरून आले. मी म्हटलं, "देवीनंच धाडलं तुम्हाला."

"आमी बुद्धाले मानतो, बाई," त्या सहज म्हणाल्या. "देवीचं मले काई ठावं नाई. तुमी तिचं नाव घ्या, मी पाय धरतो."

यंत्रात सरकले. छत नाकापासून वीतभर. कानात बोळे होते तरी आवाज हाडांत घुसत होता, आधी टकटक, मग पत्र्यावर हातोडे पडावेत तसं. पायांवर दोन रुंद हात आले. मी मनात देवीचं नाव मोजायला सुरुवात केली, गणिताच्या बाईला सवयच ती. शंभर मोजले की दोन मिनिटं, असा काही हिशेब मांडला. तो साठाच्या आतच मोडला. सळई टेकली. दर श्वासाला ती आत जात होती. घाम कानांत ओघळत होता आणि पुसायला हात हलवायचा नव्हता. मी देवीला म्हटलं, मला यातून काढ. मग म्हटलं, निदान वेळ तरी लवकर ने. मग नावही आठवेना. डोक्यात नुसता तो आवाज.

उजव्या मुठीतल्या फुग्यावर माझा अंगठा दाबला जाऊ लागला. आणखी थोडा जोर, की संपलं असतं. माझा हात यंत्राच्या आत, अंगावरच्या चादरीखाली होता, बाहेरून तो दिसणं शक्य नव्हतं. नेमक्या त्याच क्षणी त्या बाईंनी माझी दोन्ही पावलं एकदम घट्ट आवळली आणि तशीच धरून ठेवली. उजवी पकड स्पष्ट कळली. डावी जाड मोज्यातून जाणवावी तशी, पण कळली. माझा डावा पाय अजून माझा होता! मी अंगठा सैल केला.

त्यानंतर काय झालं ते मला नीट सांगता येत नाही. दुखणं कमी झालं नाही. मी त्याच्याशी झोंबणं मात्र सोडलं. आता धरायचं काम बाहेर उभं असलेलं कुणीतरी करत होतं, मला फक्त पडून राहायचं होतं. देवीकडे मागायचंही काही सुचलं नाही. तीस वर्षांत पहिल्यांदाच मी काही न मागता तिच्यासमोर होते.

"झालं, ताई," आवाज आला. "चांगले आले फोटो. पंचवीस मिनिटं."

बाहेर आल्यावर मी आधी त्या बाईंचे हात धरले. बोटं ताठरून गेली होती. मी शाळेत शिकवायचे हे सांगितलं, तिचं नाव विचारलं. सुमनबाई. अकोल्याच्या जुन्या शहरात राहत होती, शाळेत मोठ्या पातेल्यात मुलांची खिचडी शिजवायची. "मोठा गंज हलवाची सवय हाय हाताले," ती म्हणाली. तेवढ्यात भावाचा पुकारा झाला आणि ती लगबगीने त्याला आधार द्यायला गेली.

मणक्यात क्षयाची गाठ होती. आतून मज्जारज्जूवर दाब यायला लागला होता. डॉक्टरांनी फोटो दिव्यासमोर धरून दाखवला आणि सांगितलं की आणखी पंधरा दिवस गेले असते, तर पाय वाचवणं कठीण होतं. त्याच दिवशी औषधं सुरू झाली, पाठीला पट्टा लागला. पहिले दोन महिने फार वाईट गेले. उलट्या, अशक्तपणा, चिडचिड. फाल्गुनात एका दुपारी जेवून सहज पलंगावर लवंडले, आणि जाग आली तेव्हा ऊन भिंतीवरून उतरून गेलं होतं. हे दारात उभे राहून माझ्याकडे बघत होते. "उठवलं नाही," म्हणाले, आणि डोळे पुसायला आत गेले.

तपासणीसाठी पुन्हा अकोल्याला गेले तेव्हा विचारत विचारत सुमनबाईच्या शाळेत पोचले. ती चुलीपुढे घामाघूम उभी होती. मी पाया पडायला वाकू लागले तर ती झटकन मागे सरली. "काहून असं करता, मास्तरीणबाई? पोरं पाहून राहिले." मग माझ्या चेहऱ्याकडे बघून म्हणाली, "झोप येते काय आता?"

"येते."

"मंग झालं तं," ती म्हणाली आणि माझ्या हातात खिचडीची ताटली दिली. चुलीशेजारी पाटावर बसून मी ती खाल्ली.

मंगळवारी पुन्हा देवळात जाऊ लागले आहे. त्या दिवशी तिने ते हात धाडले का, हे मी देवीला विचारलेलं नाही. ओटी भरते, कुंकू लावते, हात जोडते. पूर्वी तिथे उभी राहिले की माझी यादी सुरू व्हायची. आता गर्दीत मागून धक्का येईपर्यंत मी नुसती तिच्याकडे बघत राहते. आणि घरी आल्यावर पाठ टेकायची वेळ होते तेव्हा शरीर हळूच खाली सोडते, सगळा भार अंथरुणावर येऊ देते, आणि म्हणते, घे आई.