रसिकाताईंचं एकटीपुरतं घर

रसिकाताईंनी तीस वर्षं विमा कंपनीत नोकरी केली आणि तीस वर्षं धर्मशाळा चालवली. धर्मशाळा म्हणजे शहरातल्या सिल्व्हर पार्कमधला त्यांचा वन बीएचके. लग्न केलं नाही, मग बाईला काय, जागाच जागा, असं रत्नागिरीकडच्या अख्ख्या गावाने ठरवून टाकलेलं. कुणाचा इंटरव्ह्यू, कुणाचं ऑपरेशन, चला रसिकाकडे. विचारायचं वगैरे कुणी नाही, स्टेशनवर उतरून फोन यायचा, "अगो, आलो आम्ही." की ताई निमूट माळ्यावरच्या गाद्या काढायला लागायच्या.

रिटायर झाल्या आणि त्यांनी शिवा सुताराला बोलावलं. सोफा-कम-बेड काढ, माळा काढ, पलंग एकटीपुरता कर. खुर्ची एकच, तीही खिडकीशी. ओटासुद्धा चार बोटं खाली घेतला, कारण इतकी वर्षं बुटक्या ताईंनी टाचा उंचावून भाकऱ्या थापलेल्या.

"ताई, पाहुणे आले तर?" शिवाने विचारलं.

"म्हणूनच तर!" ताई म्हणाल्या, आणि उगाचच चहा टाकायला उठल्या. आठच्या आठ गाद्या त्यांनी वाटून टाकल्या.

काम संपलं. आठवडाभर ताई खुर्चीत बसून नुसत्या खिडकीबाहेर बघत होत्या. खोटं कशाला सांगू, सुख वाटत होतं. आणि नेमका तेव्हाच आशावहिनीचा फोन आला. थोरल्या भावाच्या, धाकूदादाच्या छातीत दुखतंय, इथल्या मोठ्या डॉक्टरला दाखवायचंय, तीन दिवस येतोय.

"अगं वहिनी, घर सगळं फोडलंय गं! ओटासुद्धा जागेवर नाही. एवढ्या धुळीत दादाचे हाल होतील." हे सगळं बाई नव्याकोऱ्या ओट्याला टेकून बोलल्या. जीभ कशी झडली नाही!

"बरं बरं," वहिनी म्हणाली. "तिथेच जवळ खारी गावात पंढरीनाथाकडे उतरू. तू जप हो." पंढरीनाथ त्यांचा गाववाला. एका खोलीत पाच माणसं राहतात त्याच्याकडे.

तेव्हापासून ताईंना अन्न गोड लागेना. दोनदा फोन उचलला, दोनदा खाली ठेवला. आता काय सांगणार, काम एका दिवसात उरकलं म्हणून?

दादा-वहिनी आले, डॉक्टरकडे जाऊन आले, आणि तिसऱ्या दिवशी दुपारी ताईंची बेल वाजली. दारात आशावहिनी, हातात डबा. मागे दादा, दम लागलेला, आणि काखेत नवा झाडू.

"ओटा नाही म्हणालीस, मग खातेस काय गो? भाकरी नि सुकट आणलीय. जरा झाडलोटीलाही हात लावू म्हटलं," असं बोलत वहिनी आत आली आणि नव्या ओट्यापाशी थबकली. चकचकीत घरात धुळीचा कण नव्हता.

ताईंनी खुर्ची पुढे केली, पण दादा खाली जमिनीवरच टेकला. झाडू त्याने हळूच भिंतीशी उभा केला.

"दादा, मी खोटं बोलले रे. काम आधीच संपलं होतं."

"कळलं गो," दादा म्हणाला. "दमलीस तू. आम्हीही कधी तुला विचारलं नाही."

चार शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं. वहिनीने डबा उघडून ताईंना वाढलं. ताई मान खाली घालून जेवल्या.

निघताना दादा म्हणाला, "पुढच्या महिन्यात अँजिओग्राफीला बोलावलंय. पंढरीकडेच उतरू. तू मनाला लावून घेऊ नकोस."

'इथेच राहा' हे शब्द ताईंच्या अगदी ओठांवर आले होते. पण दोन अंथरुणं घातली की पाय ठेवायला जागा उरणार नाही, हे त्यांच्या मनात त्याआधी आलं.

"बरं," त्या म्हणाल्या.

लिफ्टचं दार बंद झालं आणि ताईंना हायसं वाटलं. सख्ख्या भावाच्या छातीत दुखतंय आणि आपल्याला हायसं वाटतंय! दाराची कडी तशीच हातात धरून त्या ओक्साबोक्शी रडल्या. पण दादाला परत वर बोलवायला काही त्या गेल्या नाहीत.