एसीखालची खुर्ची आणि डेलावेअर

किस्से मुद्दाम जमवावे लागत नाहीत. बहारीनच्या झिंज भागातल्या चहाच्या हॉटेलात आम्ही पाच मराठी म्हातारे दर शुक्रवारी बसतो, तिथे ते आपोआप साठतात. नियम एकच. ज्याची गोष्ट ऐकताना कुणी मोबाइल बघत नाही, त्याला पुढच्या शुक्रवारी एसीखालची खुर्ची. इथल्या ऑगस्टमध्ये ही साधी खुर्ची नव्हे!

मी इतिहासाचा निवृत्त प्राध्यापक. मला ती एकदाही मिळालेली नाही.

*

माझी पीएचडी अमेरिकेतल्या चिमुकल्या डेलावेअर राज्याच्या वसाहतकाळावर. एकदा धीर करून सुरुवात केली. "आधी डच आले, मग स्वीडिश, मग पुन्हा डच, मग इंग्रज..."

"सर," एसी दुरुस्त करणारे कांबळे म्हणाले, "आमच्या बिल्डिंगचे वॉचमनसुद्धा एवढे बदलले नाहीत!"

हशा. मग मोबाइल.

*

साठे अकाउंटंट. डेलावेअरबद्दल त्यांनी आयुष्यात एक फॉर्म वाचलाय. "अहो, तिथे माणसांपेक्षा कंपन्या जास्त! आमची कंपनीही कागदोपत्री तिथलीच. मालकाने ते राज्य नकाशातसुद्धा पाहिलेलं नाही!"

मोबाइलला कुणी हात लावला नाही. माझी पीएचडीची सात वर्षं, त्यांचा एक फॉर्म! मी घाम पुसत हसलो. आतून जळलो, हे आता लिहायला हरकत नाही.

*

मग मी राखून ठेवलेली गोष्ट काढली. डचांनी आपलं राजचिन्ह पत्र्यावर काढून खांबाला ठोकलं. तिथल्या एका मूळ रहिवाशाने तो पत्रा चिलमी करायला काढून नेला. त्यावरून भांडण पेटलं आणि अख्खी डच वसाहत मारली गेली.

सगळ्यांच्या खुर्च्या पुढे सरकल्या! तेवढ्यात मला शंका आली, आपण फार रंगवून तर सांगत नाही? म्हटलं, "अर्थात, याबद्दल तीन मतं आहेत."

दुसऱ्या मतापाशी सगळे मोबाइल बाहेर.

"सर, ऐन रंगात आल्यावर तळटीप कशाला काढता?" कांबळे कळवळले.

*

अमवाज बेटावरच्या पिकनिकहून माझी नात नाचत आली. "आजोबा, साठे अंकल टोल्ड अस अ सुपर स्टोरी! अबाउट अ टिन प्लेट!"

"तीन मतं सांगितली का त्यांनी?"

"व्हॉट मतं?"

*

यंदा कंपनीने साठ्यांना चक्क डेलावेअरला पाठवलं. मी ते फक्त पुस्तकांत पाहिलंय. दोन शुक्रवार मला चहा कडू लागला.

साठे परतले, एसीखालच्या खुर्चीत बसले. "म्युझियममध्ये गाइडबाई ती पत्र्याची गोष्ट सांगत होत्या. मी हात वर केला. म्हटलं, आमचे सर म्हणतात, याबद्दल तीन मतं आहेत. पहिलं सांगितलं. बाई लिहून घ्यायला लागल्या! दुसरं निम्मं सांगितलं..."

"मग?"

"मग खलास! पुढे मी मोबाइल बघत होतो ना!"

साठे उठले. खुर्ची मला मोकळी करून दिली. "बसा सर. तिसरं सांगा."

कांबळ्यांनी सगळ्यांचे मोबाइल टेबलावर पालथे घातले. मी बसलो. गार वारा थेट टकलावर आला.

आणि मला तिसरं मत आठवेना!