भाजी कसली होती?

व्यसनातून सुटायला धडपडणाऱ्या मुलांच्या खोलीत मी एकदा स्वतःच्या हाताने सोल्युशनच्या बाटल्या नेऊन ठेवल्या होत्या. पंक्चर काढायला वापरतात ना, ते. आमच्या डोंबिवलीच्या बाजारातून, घासाघीस करून, छान कापडी पिशवीत घालून. तेव्हा मी साठीची कोवळी पोर होते. शाळेतून हस्तकलेची बाई म्हणून नुकतीच निवृत्त झालेली आणि लगोलग समाजाचं भलं करायला निघालेली. निरीक्षणगृहातल्या मुलांकडून दिवाळीचे आकाशकंदील करून घ्यायचे होते, आणि कागद काड्यांना घट्ट चिकटावा, यापलीकडे माझं सुपीक डोकं गेलंच नाही. ही मुलं नेमकं तेच हुंगून हुंगून इथवर आली आहेत, हे मला सांगितलेलं होतं बरं का. मी मान डोलावून ऐकलंही होतं. पिशवी उघडली तशी अख्खी खोली चिडीचूप झाली, आणि मला वाटलं, काय हा आपला दरारा!

मला तिथे घेऊन जाणारी माझी मैत्रीण मंगल गेल्याला आता काही आठवडे झाले. रोज संध्याकाळी सातला तिचा फोन यायचा आणि पहिला प्रश्न ठरलेला... दुपारी जेवलीस का, भाजी कसली होती? त्या दिवशीही बरोबर सातला तिचं नाव फोनवर उमटलं, आणि मी तिला बोलूही न देता म्हटलं, "दोडका! आणि खरंच खाल्लाय, शपथ." पलीकडे कुणी हसलं नाही. तिची मुलगी होती. "मावशी, मी बोलतेय... आई गेली." एवढं ऐकूनही मी मूर्खासारखी फोनवर दोडक्याबद्दलच काहीतरी बोलत राहिले होते, असं तिची मुलगी नंतर सांगत होती.

ठाण्याच्या शाळेत आम्ही एका बाकावर बसायचो. खोपटला एसटी डेपोच्या मागे चाळीत तिचं घर, तिथे बाबासाहेबांच्या तसबिरीखाली बसून आम्ही अभ्यास करायचो. म्हणजे ती करायची, मी तिच्या वहीत बघायचे. पुढे ती सरकारी दवाखान्यात नर्स झाली, आणि निवृत्तीनंतर एका संस्थेतर्फे निरीक्षणगृहातल्या मुलांना समुपदेशन करायला जाऊ लागली. मुलं तिला सिस्टर म्हणायची आणि मला आजी. आम्ही एकाच वयाच्या, फक्त ती केस काळे करायची. हा अन्याय मी तिला शेवटपर्यंत ऐकवला.

तर त्या दिवशी तिने बाटल्या बघितल्या, मला एका नजरेत भाजून काढलं, आणि पिशवी उचलली. एक बाटली कमी भरली. तिथल्या काळजीवाहकाने लगेच मुलांना भिंतीकडे तोंड करून उभं केलं, झडती घेणार म्हणून. त्या रांगेत एक मुलगा होता. त्याचं खरं नाव मी लिहिणार नाही. नाव बदलणारच असाल तर जरा भारी द्या, असं तो परवा म्हणाला, म्हणून विक्रांत म्हणू. चौदा-पंधरा वर्षांचा, चोरीत सापडलेला. चोरी कशासाठी, ते सांगायला नको. झोप नाही, अंगाला कंप, ताटाला हात लावायचा नाही. पुढच्या तारखेला बाल न्याय मंडळ ठरवणार होतं, त्याला उपचारांसाठी पाठवायचं की आणखी काही दिवस नुसतंच आत ठेवायचं. उपचार मिळावेत म्हणून मंगलने जिवाचं रान केलं होतं. आणि झडतीत त्याच्याकडेच बाटली सापडली असती, तर सगळं मुसळ केरात. माझ्या केरात.

"झडती नको," मंगल म्हणाली. "यांना कंदील करायचेत. मला थोडी कणीक आणि पातेलं द्या." तिने स्वयंपाकघरात खळ शिजवली, पातेलं फडक्यात धरून आणलं आणि सरळ जमिनीवर फतकल मारून ढवळत बसली. एकेकाला हाक मारून विचारू लागली, "काय रे, आज जेवणात भाजी कसली होती?" दुधी, दुधी, दुधी. विक्रांतची पाळी आली. तो म्हणाला, "बटाटा." सगळी पोरं फिस्सकन हसली. मंगल हसली नाही. "म्हणजे तू जेवलेला नाहीस," एवढंच म्हणाली आणि खळीचं बोट त्याच्या हातातल्या काडीला लावलं. बाहेर पडताना चिंध्या झालेल्या कागदांच्या ढिगाखाली बाटली मिळाली. बूच उघडलेलं नव्हतं. मंगलने जे घडलं ते अधीक्षकांना जसंच्या तसं सांगितलं, माझ्या बावळटपणासकट, आणि मला काही महिने तिथे यायची बंदी झाली. मी रुसले. हो, मीच रुसले! बसथांब्यावर तिला म्हटलंसुद्धा, "चारचौघांत माझं नाव घ्यायची काय गरज होती?" ती म्हणाली, "अगं, मग काय पोराचं घेऊ?"

बटाट्याची गंमत तिने मला नंतर सांगितली. घेतलीस का, असं थेट विचारलं की मुलं नाहीच म्हणतात. जेवलास का विचारलं की हो म्हणतात. पण ज्या दिवशी तलफ अंगावर आली असेल त्या दिवशी अन्न जात नाही, आणि न जेवलेल्याला भाजी विचारली की तो हमखास बटाटा सांगतो, कारण डोक्यात दुसरं काही येतच नाही. विक्रांतला उपचार मिळाले. घरी गेला, पुन्हा दोस्तांत बसला, पुन्हा दवाखाना. मी एकदा वैतागून म्हटलं, हा कसला सुधारतोय! तर माझ्यावर खेकसली, "ताप उलटला तर पेशंटला शिव्या देतेस का तू?" सुटलेल्या मुलांना ती रोज संध्याकाळी फोन करायची, कारण त्यांची तलफ दिवेलागणीला उठते. कोणी नंबर बदलले, कोणी हरवले. त्यांची नावं ती घ्यायची नाही. विक्रांत टिकला. बाळकुमला बहिणीकडे राहतो, माजिवड्याच्या एका पोळीभाजी केंद्रात भाज्या करतो.

आमचे हे गेले, मुलगा कॅनडात, नातू स्क्रीनवर हात हलवतो. तेव्हापासून मंगल मलाही सातला फोन करू लागली. मी समजत होते, मैत्रीण म्हणून करते. गेल्या काही आठवड्यांत, ओट्यापाशी उभं राहून चहात बिस्किटं बुडवताना, माझ्या डोक्यात प्रकाश पडला... अगं बाई, म्हणजे मीसुद्धा तिच्या पोरांतलीच होते.

मंगलच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी विक्रांत बुद्धविहाराच्या दाराशी उभा होता, पांढरा शर्ट घालून. मला म्हणाला, "आजी, सात वाजून जातात, फोन वाजत नाही. तेव्हाच तलफ जाम येते." मी काय म्हणावं? "काळजी घे हो बाळा." आणि रिक्षात बसले. इतकी वर्षं तिच्याबरोबर हिंडून मी हेच शिकले होते!

त्या दिवसापासून रोज सात वाजता मी फोन हातात घ्यायचे आणि खाली ठेवायचे. मंगलच्या जागी आपण कोण बोलणार? आवाजही तिच्यासारखा नाही, आणि तो खोटं बोलला तर पुढे काय करायचं हे कुठे माहीत होतं? घरात फ्रीजचा आवाज तेवढा येत असतो. गेल्या मंगळवारी सात वाजून गेले, खाली गाड्यांचे हॉर्न सुरू झाले, आणि मी एकदाचा लावला.

"जेवलास का रे?"

"हो, आजी."

"भाजी कसली होती?"

मागे रस्त्याचा आवाज येत होता. "...बटाटा."

मी खुर्ची ओढून बसले. "कुठे आहेस?"

"गाडीवर बसलोय. जुन्या नाक्यापाशी, दोस्त बसतात तिथे. अजून उतरलो नाही."

मंगल असती तर तिला बरोबर सुचलं असतं. मला काही म्हणजे काही सुचेना. शेवटी त्यानेच विचारलं, "तुमची भाजी कसली होती, आजी?"

दोडका म्हणायचं ठरवलं होतं मी. तोंडातून निघालं, "बटाटा."

पलीकडे गाडी सुरू झाल्याचा आवाज, आणि तो म्हणाला, "कुकर लावा, आजी. डोंबिवलीच्या वाटेवर कल्याण फाट्याला ट्रॅफिक असेल, पण येतो. खरी भाजी आणतो."