दगडाखालचा कोळसा

कोशाच्या कचेरीत त्यांना सगळे चिठ्ठीताई म्हणत. चष्म्याच्या डबीत, औषधाच्या पाकिटावर, वहीच्या पुठ्ठ्यात त्यांची एखादी चिठ्ठी सापडली नाही, असा दिवस गेल्या एकोणीस वर्षांत उजाडला नव्हता. इंग्रजी शब्दाला मराठी प्रतिशब्द द्यायचा, तर तो कुणाच्या तरी तोंडून प्रत्यक्ष ऐकलेला हवा, असा त्या कचेरीचा जुना दंडक होता. ऐकलेले वाक्य, बोलणाऱ्याचे नाते किंवा धंदा आणि दिवस तळहाताएवढ्या चिठ्ठीवर उतरवायचा आणि ती त्या शब्दाच्या खणात टाकायची. दुसऱ्या मजल्यावरच्या लांबट खोलीत तीन भिंतींना लाकडी कपाटे होती आणि कपाटांत असे शेकडो खण. पहिल्या आवृत्तीच्या वेळचे ते खण कितीतरी हातांनी उघडमीट करून गुळगुळीत झाले होते. दुपारी उन्हाची तिरीप खणांच्या पितळी कड्यांवरून सरकू लागली, की सगळी खोली हलकेच कुजबुजते आहे, असे त्यांना वाटे.

सात महिन्यांपासून ताई एका शब्दात अडकल्या होत्या. शब्द होता ‘लिमिट’. वरवर सोपा. ‘मर्यादा’ लिहिले की मोकळे. पण ताईंच्या खणात त्रेचाळीस चिठ्ठ्या जमल्या होत्या. सीमा दुरून दिसते, हद्द पायाखाली येते. मर्यादा माणसाने पाळायची असते, मुदत त्याच्यावर घातलेली असते. कुवत आणि आवाका हे आतले, कुंपण हातांनी उभारलेले. धरबंद आणि ताळतंत्र हे दोघे मोठे विचित्र पाहुणे, नसले की मगच लोक त्यांची आठवण काढतात. शेजारीण मुलावर खेकसली होती, “अंत पाहू नकोस माझा!” ती चिठ्ठी लिहिताना ताई कितीतरी वेळ थबकल्या होत्या. हा अंत जो पाहतो, त्याला नेमके काय दिसत असेल? बसमधून जाताना त्या या शब्दांतून फिरत राहत. एखाद्या शब्दाला दार असे, एखाद्याला नुसताच उंबरा, आणि एखादा इतका उघडा, की आपण आत आहोत की बाहेर, हेच उमगू नये. उतरायचा थांबा हमखास चुके.

“ताई, पान रबराचं नाही हो,” जुळणीकारीण म्हणाली. संगणकावर पाने लावणारी ही बाई तोंडाची फटकळ, मनाची मऊ. “एका नोंदीला बारा ओळी म्हणजे बाराच. मागच्या खेपेला तुम्ही अर्थ आखडून त्यात एक शब्द घुसडलात, मी गप्प राहिले. आता सरांनी पाहिलंय.”

संपादकांनी पाहिले होतेच. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला.

“शनिवारी हा खंड छापायला जातोय. नोंद मिटली नाही, तर जुन्या आवृत्तीतले चार शब्द उचलून टाकीन. आणि ताई, मग मात्र तुम्हाला मुद्रितशोधनाच्या टेबलावर बसवावं लागेल. मला वाईट वाटेल, पण बसवीन.”

“चिठ्ठ्या गोळा करणं?”

“बंद. सात महिने एका शब्दाला! अति झालं आणि हसू आलं, म्हणतात ना, तसं झालंय.” मग आवाज उतरवून ते म्हणाले, “बाकीचे शब्द तुम्ही नीट छाटलेत. एवढा ‘पल्ला’च का सोडवत नाही? पल्ला म्हणजे पोहोच. पोहोच जिथे संपते, ती लिमिट. तुम्हीच मला हे शिकवलंत.”

ते खरे होते, आणि खरे होते म्हणूनच सलत होते. ‘पल्ला’च्या चिठ्ठीवर बोलणाऱ्याच्या जागी ‘आई’ असे लिहिलेले होते. आईच्या हातच्या वस्तू बहिणींनी वाटून घेतल्या. ताईंच्या वाट्याला आईचे एक वाक्य आले होते, आणि ते एकदा तरी छापले जावे, एवढाच त्यांचा हट्ट होता.

घरी वडील खिडकीशी बसलेले. चाळीस वर्षे जमिनीची मोजणी केलेला माणूस. आता नजर अधू झाली होती आणि खोलीही ते पावलांनीच ओळखत.

“आज पाय ओढत आलीस,” ते म्हणाले. “घोडं कुठं अडलंय?”

“शब्दाला हद्द घालायचीय, बाबा. घालवत नाही.”

“कुणाला जमतं? मोजणीला गेलो की दोन्हीकडचे म्हणायचे, साहेब, वीतभर इकडे घ्या. सगळ्यांचं ऐकलं असतं, तर हद्दीचा दगड अजून माझ्या खांद्यावरच असता.”

“आणि तुम्ही बसवलेला दगड रातोरात कुणी हलवला तर?”

“हलवतातच! हलवला नाही तर तो शेजारी कसला?” ते खुसखुसले. “म्हणून आम्ही खाली कोळसा पुरायचो. ओंजळभर, चांगला हातभर खोल. लाकूड कुजतं, हाड विरतं, कोळशाला माती खात नाही. दगड लोकांना दाखवायला. कोळसा कुणी पाहत नाही, पण जागा तो धरून ठेवतो. तंटा झाला की तिथं खणायचं. काळं लागलं, की सगळे गप्प.”

ताईंनी खुर्ची ओढली. वडिलांनी आवाजाच्या दिशेने मान वळवली.

“कुणाला गाळायचंय, पोरी?”

“आईला.”

वडिलांचा हात खिडकीच्या कडेवरून फिरला.

“काय म्हणाली होती ती?”

“‘माझा पल्ला आता खिडकीपर्यंतच गं.’ शेवटच्या महिन्यात. आणि दुसऱ्या दिवशी तुम्ही पलंग सरकवलात.”

“सात पावलं होती,” वडील म्हणाले. “तीनवर आणली.” मग मान हलवत, “ते कुठं छापायचं असतं होय? वेडी कुठली.”

शनिवारी सकाळी ताईंनी नोंद मिटवली. दहा शब्द, प्रत्येकाला एक वाक्य. मग शाई लागल्यासारखी बोटे रुमालाला पुसत त्या जुळणीकारणीच्या मागे उभ्या राहिल्या.

“अकरा ओळी!” ती ओरडली. “ताई, एक ओळ चक्क उरली! आता टाका काय टाकायचं ते. सर आतल्या खोलीत आहेत, मी आंधळी.”

पडद्यावर नोंदीच्या खाली एक पांढरी पट्टी होती. ‘पल्ला’ तिथे सहज मावला असता, आणि आईचे वाक्यही. ताई त्या पट्टीकडे पाहत राहिल्या. त्यांना खिडकी दिसली, पलंग दिसला, फरशीवरून ओढले जाणारे त्याचे चार पाय ऐकू आले. त्यातले काहीच एका ओळीचे नव्हते.

“राहू दे,” त्या म्हणाल्या. “तिथे तो शब्द खोटा ठरेल. पुढची नोंद वर घे.”

“बघा हं. नंतर माझ्या नावानं बोटं मोडाल.”

“घे गं वर.”

मग त्या कपाटापाशी गेल्या. ‘लिमिट’चा खण त्यांनी पूर्ण बाहेर ओढला, त्रेचाळीस चिठ्ठ्या मेजावर काढून ठेवल्या आणि तळाला अंथरलेला जाड कागद उचलला. आईची चिठ्ठी त्याखाली, लाकडालगत ठेवायची, एवढेच त्यांच्या मनात होते.

तिथे आधीच एक चिठ्ठी होती. पिवळी पडलेली, कडा विरलेल्या, अक्षर पहिल्या आवृत्तीच्या काळातले, वळणदार आणि अनोळखी. दिवस पुसला गेला होता. बोलणारी: धाकटी बहीण. वाक्य: ‘आता इतकंच.’

जुन्या आवृत्तीतले चार शब्द ताईंना पाठ होते. त्यांत ‘इतकंच’ नव्हते.

दुपारचे ऊन पहिल्या कड्यावर येऊन टेकले होते. ताईंनी दोन्ही चिठ्ठ्या शेजारी शेजारी ठेवल्या, वर कागद अंथरला, बाकीच्या चिठ्ठ्या क्रमाने भरल्या आणि खण आत ढकलला. तो कुरकुर न करता बसला.