एक्झॅक्ट जागा

मडिवाळप्पांनी मोजणी खात्यात साखळी ओढण्यात उभी हयात काढली. आधी बिलोली, मग धर्माबाद, शेवटी घराजवळ रेणापूर. साहेब बदलत गेले. साखळीची टेप झाली, टेपचं मशीन झालं, आणि मशीन आल्यावर मडिवाळप्पांकडे त्याच्यावर छत्री धरायचं काम आलं. मशीनला ऊन सोसत नाही. माणसाचं तसं काही नसतं.

पेन्शनखेरीज खात्यानं त्यांना काही दिलं असेल तर ते इंग्रजी शब्द. ते शब्द ते वाटेल तिथे वापरत नसत. ‘करेक्ट’ हा साध्या शेतकऱ्यासाठी. ‘अॅक्युरेट’ जिथे दोन सख्खे भाऊ एकमेकांशी बोलत नसतील तिथल्या बांधासाठी. ‘पिनपॉइंट’ प्रकरण कोर्टात गेल्याशिवाय बाहेर निघत नसे. ‘एक्झॅक्ट’ मात्र घरी चाले.

“अडकित्ता कुठं हाय?” ते विचारत.

“तितंच की, खिडकीच्या अंगाला,” आतून कमलम्मा सांगे.

“अंगाला म्हंजी? एक्झॅक्ट सांग.”

“एक्झॅक्ट पायजे तर उठून बघा. घराला खिडकी एकच हाय.”

कमलम्मा उदगीरकडची. रागावली की कन्नडमध्ये शिरायची आणि तिला नेमका किती राग आला आहे हे मडिवाळप्पांना कळत नसे. संसार त्यामुळे टिकला, असं त्यांचा धाकटा भाऊ उमाशंकर म्हणे.

दोन वर्षांपूर्वी माघात ती कावीळ होऊन गेली. लिंगायतांच्या रिवाजाप्रमाणे तिला घरच्याच शेतात, बसवून, हातात इष्टलिंग देऊन माती दिली. वीरभद्र स्वामींनी सगळं यथासांग केलं. वर्षाच्या आत त्या जागी दगड बसवायचा असतो. मडिवाळप्पांनी बसवला नाही.

“कशाला? पॉइंट माझ्या डोक्यात फिक्स हाय,” ते सांगत. “डोळे झाकून दाखवतो.”

खरं कारण वेगळं होतं. दगड आला की त्यावर नाव येतं, आणि नावाखाली तारीख. तारीख कोरलेली बघायची त्यांची तयारी नव्हती. आपल्याला तिच्या डाव्या हाताला बसवायचं, एवढं मात्र त्यांनी उमाशंकरला बजावून ठेवलं होतं. रोज संध्याकाळी ते शेतात जात आणि आपल्या त्या जागेवर बसून येत. जागा चांगली होती, वारा लागायचा.

यंदाच्या उन्हाळ्यात मोतीबिंदूचं ऑपरेशन करायला ते नांदेडला, लेकीकडे, स्वप्नालीकडे गेले. डोळ्यात औषध घालायचं संपेपर्यंत तिकडेच राहिले. त्याच दिवसांत शेजारच्या रानात जेसीबी आलं होतं. आलंच आहे तर, म्हणून उमाशंकरनं आपलंही रान सपाट करून घेतलं.

मडिवाळप्पा परतले ते थेट शेतात गेले. इतकं लख्ख त्यांना कित्येक वर्षांत दिसलं नव्हतं. रान या टोकापासून त्या टोकापर्यंत परातीसारखं पसरलं होतं.

“उमाशंकर, मधला बांध कुठाय?”

“काढला की अण्णा. पाणी तुंबायलं होतं.”

“आन् बाभळ?”

“बांधावरचीच न्हवं ती?”

मडिवाळप्पा चार पावलं रानात गेले, परत आले. मग म्हणाले, “आन् तुझी वैनी?”

“वैनीला धक्का न्हाई. तिकडं सगळी भरच पडली वरून, खोल न्हाई गेलं कुठं. ड्रायव्हरला म्हणलं, या अंगाला हळू घे. आन् जागा तर तुला डोळे झाकून येती.”

यात उमाशंकरचा दोष काढायचा तर कुठून काढणार? थोरला भाऊ जे सांगत आला होता त्यावर त्यानं विश्वास ठेवला होता.

नोकरीभर मडिवाळप्पा गावोगावच्या शेतकऱ्यांना झापत आले होते की बाबांनो, झाडापासून मोजू नका, बांधापासून मोजू नका. झाड तुटतं, बांध सरकतो. मोजायचं ते हद्दीच्या दगडापासून. हद्दीचा दगड शेताच्या कोपऱ्यात आजही जागचा हललेला नव्हता. पण माती दिली त्या दिवशी तिथवर जायचं त्यांना सुचलं नाही. बाभळीची सावली खड्ड्यावर पडली होती, तेवढंच त्यांनी लक्षात ठेवलं. त्या दिवशी ते खात्याचे नव्हते.

लातूरहून शिवकुमार आला. मडिवाळप्पांच्या हाताखालून गेलेला पोरगा, आता मोजणीचं नवं यंत्र चालवतो. सुट्टीच्या दिवशी, चहासुद्धा न घेता त्यानं सगळ्या रानाचा नकाशा काढला.

“काका, हद्द एकदम अॅक्युरेट हाय,” तो म्हणाला.

“हद्द नको रं. पॉइंट काढ.”

“तुम्ही सांगा, तो पॉइंट काढून देतो. तुमच्या डोक्यातला मशीनला कसा कळावा?”

मडिवाळप्पांनी हात वर करून एक जागा दाखवली. मग थोडी अलीकडची. मग हात खाली घेतला.

उकरून बघावं का, असं त्यांनी वीरभद्र स्वामींना एकदाच विचारलं. स्वामी म्हणाले, “मडिवाळप्पा, लिंगैक्य झालेल्या जिवाला असं उठवत न्हाईत.” मडिवाळप्पांना विचारल्याची लाज वाटली. आणि उकरायचं म्हटलं तरी किती? आडवं निजवलेलं माणूस कुदळीला लवकर लागेल. बसलेलं माणूस फार थोडी जागा घेतं. कमलम्मा तशीही थोडीच जागा घ्यायची.

पेरणीच्या तोंडावर स्वप्नाली नांदेडहून टेम्पोत दगड घेऊन आली. काळा, गुळगुळीत, वर लिंग, खाली आईचं नाव आणि तारीख. अप्पांकडून हे काम होणार नाही, हे तिनं ओळखलं होतं. चौघांनी दगड उतरवला आणि सगळे मडिवाळप्पांकडे बघू लागले. त्यांनी चपला कडेला काढल्या, रानात शिरले. थांबले. पुन्हा चालले. पुन्हा थांबले. दगड धरणाऱ्यांचे हात भरून आले.

“अप्पा, अंदाजानं बसवा कुठंबी,” स्वप्नाली म्हणाली. “आई काय रागं भरणार हाय का?”

“ती न्हाई भरायची.”

“मग?”

“मी इथं फूल वाहणार, आन् ती तिकडं बसून बघणार. नको. दगड घरी न्या.”

“हे बरं हाय!” उमाशंकर चिडला. मग जवळ येऊन म्हणाला, “अण्णा, तुझी तरी जागा धर. तेवढं रान मी सोडतो, पेरत न्हाई.”

“कुणाच्या डाव्या हाताला धरू?” मडिवाळप्पा म्हणाले. “पेर सगळं.”

सोयाबीन पेरलं. पाऊस बरा झाला. खड्डा खणून खोल हललेल्या मातीत पीक जोर धरतं, हे मडिवाळप्पांना ठाऊक होतं. आठवडाभर ते पिकाच्या तासातासातून अनवाणी हिंडले, वाकून रोपांची उंची बघत. कुठे एखादा पट्टा उंच असेल, कुठे पान जास्त काळं असेल. पीक सगळीकडे सारखं आलं होतं. लेव्हलिंग खरोखरच चांगलं झालं होतं.

आठवड्याच्या शेवटी त्यांनी स्वप्नालीला फोन लावला. तिच्या पोरांची चौकशी केली, जावयाची केली. मग म्हणाले, “मला आपल्या गावच्या रुद्रभूमीत ठेवा. तिथं समाध्या ओळीनं असतात.”

“असं काय बोलायलात अप्पा? आन् आईपासून एवढं लांब?”

“किती लांब, ते आता कुणाला सांगता येणार हाय,” मडिवाळप्पा म्हणाले, आणि तिचं रडणं थांबेपर्यंत फोन कानाशी धरून बसले.