रायफलीची ढिली कडी

नवरा गेल्यावर काय काय करायचं असतं, हे सांगणाऱ्या बायका पेणमध्ये पुष्कळ आहेत. पण घरात रायफल असेल तर काय करायचं, हे त्यांच्यातल्या एकीलाही सांगता आलं नाही.

रायफल सासऱ्यांच्या वेळची. रोह्याच्या पलीकडे आमची थोडी भातशेती आहे, तिथे रानडुकरं येतात म्हणून तिचा परवाना मिळालेला. सासऱ्यांनंतर तो ह्यांच्या नावावर झाला. हे गेले तेव्हा मी ती पेणच्या परवानाधारक बंदूकवाल्याकडे जमा केली. पोलीस ठाण्यात मला सांगितलं, की परवाना तुमच्या नावावर मागा, नाहीतर विकून टाका. मी तिथल्या तिथे म्हटलं, मागते. साठी उलटलेली, गुडघे गेलेली शिक्षिका रायफल घेऊन काय करणार, हा प्रश्न समोरच्याच्या तोंडावर स्पष्ट दिसत होता. माझ्या वर्गात असता तर त्याला बाकावर उभा केला असता.

पण मला ती हवी होती. ह्यांचं दुसरं काय माझ्याकडे होतं? चष्मा, दोन स्वेटर आणि ही.

हे कंपनीतून निवृत्त झाले आणि शेतावरच्या घरात राहायला गेले. माझी शाळा पेणला, म्हणून मी पेणला राहिले. पुढे शाळाही सुटली, तरी मी इथेच. गुडघ्यांचं निमित्त होतं, आणि एकटं राहायची सवय एकदा लागली की सुटत नाही. आमचं भांडण नव्हतं. लोकांना हे पटवताना माझ्या नाकी नऊ येत. मूलबाळ नव्हतं, तेव्हा कुणासाठी एकत्र राहायचं हा प्रश्नही कधी आला नाही. अधूनमधून मी रेल्वेने रोह्याला जाई. पेण सुटून कासू येईपर्यंत वाटे, आता राहायलाच जावं. रोहा येईपर्यंत तो विचार मावळलेला असे.

फोन मात्र रोज, दिवेलागणीला. त्यांचाच यायचा.

"आज आली होती गो," ते म्हणायचे. "कळपच होता. दोन बार काढले तशी पळाली."

मग डुकरं कुठून आली, मोठं कोणतं, कुठल्या बांधावरून उड्या मारून गेली, असं सगळं. मीही माझ्याकडचं सांगे. आमच्या शेजारी गणपतीचा कारखाना आहे. तिथे मूर्तींचे डोळे रंगवणारा आणि हात बसवणारा यांचं जमत नाही. त्यांची भांडणं मी फोडणी देऊन ऐकवत असे. शेवटी हे म्हणायचे, "ऐक हां, रिकामी करून ठेवतो." या रायफलीच्या चापाभोवती एक लोखंडी कडी आहे. ती खाली ढकलायची आणि परत वर ओढायची, की आतलं काडतूस बाहेर पडतं. फोनमधून तो आवाज यायचा. खट्, खटाक. मी म्हणे, "पुरे. जेवून घ्या आता." आणि फोन ठेवून देई. ठेवायची नेहमी मीच, कारण माझी मालिका लागायची वेळ व्हायची.

तर, अर्ज करायच्या आधी रायफलीची तपासणी करून घ्यावी म्हणून मी दुकानात गेले. बंदूकवाला माझ्याहून थोडा लहान. त्याने टेबलावर जुनी चादर पसरली आणि तिच्यावर रायफल आडवी ठेवली. आधी पोटाखालचा नंबर परवान्यातल्या नंबराशी ताडून पाहिला. नळीखाली काडतुसं भरायची दुसरी नळी होती, तिच्यावर बोट ठेवून म्हणाला, "अमेरिकन घडणीची हाय."

"सासऱ्यांना एका गोऱ्या साहेबाने भेट दिलेली," मी सांगितलं.

"बाई, सगळ्यांच्याच घरी गोऱ्यानंच दिलेली असते," तो हसून म्हणाला. "कुणी इकत घेतलेली अजून मला भेटली नाय."

मलाही हसू आलं. दस्ता मूळचा अक्रोडाचा, पुढचं लाकूड मात्र आपल्याकडच्या सुताराने सागाचं बसवलंय, हेही त्याने दाखवलं. स्क्रूच्या खाचा निरखून म्हणाला, उगाच कुणी खोललेली नाही, ते बरं. मग कडी उघडून त्याने आत पांढरा कागद धरला, त्यावर बॅटरीचा उजेड टाकला आणि मला नळीच्या तोंडातून बघायला लावलं. आत गोल गोल पीळ चकाकत होते.

"कोरी हाय नळी," तो म्हणाला.

"फार जपायचे ते." मला अभिमान वाटला.

"जपली हाय. पण वापरली नाय, बाई." रायफलीबरोबर मी जमा केलेली काडतुसांची डबी त्याने कागदावर उपडी केली. सगळी हिरवी पडलेली. "ह्या मापाची काडतुसं मिळायची बंद झाली त्याला जमाना झाला. आन् आत हे वंगण वाळून बसलंय बघा. तुमच्या साहेबांच्या वेळेला हिच्यातनं बार निघाला नसंल."

"असं कसं? रोज दोन बार काढायचे ते," मी म्हटलं.

त्याने माझ्याकडे पाहिलं आणि नजर खाली घेतली. मग कडी बोटाने हलवली. ती लुळी होती, दोन्ही बाजूंना डुलत होती. "ही मात्र झिजलीय. एवढी झिजायची म्हंजे रोज चालवली पाहिजे. रिकामीच. पोरं पेनाचं बटन दाबत बसतात ना, तसं."

पुढचं मी निम्मंच ऐकलं. काडतुसांशिवाय शेतीसाठी परवाना कसा मागणार, असं तो म्हणत होता. जुन्या रायफली जमवणारा पुण्याकडचा एक शौकीन आहे, रीतसर परवाना असलेला, तो नळी बघूनच घेईल. कडी तेवढी नवी बसवून घेईल. "संध्याकाळी फोन करतो. काय ते ठरवून ठेवा."

घरी येईपर्यंत मी संतापाने नुसती धुमसत होते. इतकी वर्षं हा माणूस मला थापा मारत होता! मी शेजारणींना सांगितलं होतं, शाळेत सांगितलं होतं, आमचे हे कसे एकटे डुकरांना तोंड देतात. डुकरं तरी खरी होती का? डबा वाजवून हाकलत असतील, किंवा नसतीलही हाकलत. आता विचारणार कुणाला?

चहा केला आणि तो समोर ठेवून बसून राहिले. कारखान्यात सगळं शांत होतं. तसं तिथे नेहमीच शांत असतं. डोळे रंगवणारा आणि हात बसवणारा एका डब्यातून जेवतात, आणि त्यांचं भांडण मी जेमतेम एकदा ऐकलंय. बाकीची सगळी माझी. नाहीतर रोज सांगणार काय? आमटी केली, पाय दुखला, एवढ्यात फोन संपला असता. त्यांचंही तेच असणार. भात लावला, खाल्ला, अंधार पडला. तेवढ्यासाठी त्यांना डुकरं आणावी लागली. मला रडू आलं, आणि कुणी बघायला नव्हतं म्हणून मी ते येऊ दिलं.

दिवेलागणीला फोन वाजला. त्या वेळेला फोन वाजायची सवय मोडली होती, म्हणून मी दचकले.

"बाई, काय ठरलं?" बंदूकवाला विचारत होता. "एक मिनिट हां, ही कपाटात ठेवतो."

खट्, खटाक.

"पुरे. जेवून घ्या आता," मी म्हणाले.

पलीकडे कपाटाचं दार लागलं. मग तो हळूच म्हणाला, "बाई, मी दुकानातनं बोलतोय."

"माहीत आहे मला. द्या त्या पुण्याच्या माणसाला. माझ्याकडे राहून काय उपयोग?"

"बरं. मग ठेवू फोन?"

"नको," मी म्हटलं. "जरा थांबा."